गादी लहान, वह्या फार

तुरीची आवक सुरू झाली की अकोल्याच्या बाजारात दिवस पहाटेच उगवतो. पातूर, बाळापूर, बार्शिटाकळीकडून निघालेले ट्रॅक्टर आणि टेम्पो उजाडायच्या आत रांगेत लागतात. लिलाव होतो, पोती काट्यावर चढतात, हमाल हाकारे देतात आणि दुपार कलू लागली की शेतकरी आडत्याच्या पेढीसमोर उभा राहतो. त्याला आता एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे हिशेबपट्टी. माल किती भरला, भाव काय लागला, हमाली-तोलाई वजा जाता हाती किती आले, हे त्या एका कागदावर असते. तो कागद आणि पैसे घेऊन त्याला दिवेलागणीच्या आत गाव गाठायचे असते.

अशाच एका पेढीवर २०२३ च्या जानेवारीत शेतकऱ्यांची रांग पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत जाऊ लागली. पट्टी वेळेवर निघत नव्हती. संगणकासमोर मुनीमजी बसलेले असत, आणि उशीर झाला की सगळ्यांची नजर साहजिकच त्यांच्याकडे जाई.

मुनीमजींनी सत्तरी गाठली होती. चाळीस वर्षांपूर्वी ते या पेढीवर आले, तेव्हा गादीवर बसून, ढाळाच्या मेजावर लाल कापडी वह्या मांडून रोजमेळ आणि खतावणी लिहीत. कोणत्या गावचा कोण शेतकरी, त्याच्या वडिलांचे नाव काय, मागच्या हंगामात त्याने उचल किती घेतली होती, हे त्यांना वही न उघडता सांगता येई. पेढीवर पहिला संगणक आला तेव्हा सर्वांना वाटले होते, आता मुनीमजी निरोप घेतील. त्यांनी तसे केले नाही. कोणती कळ दाबल्यावर काय होते, हे जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढले आणि वर्षभरात ते त्या यंत्राचेही जाणते झाले.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत काहीतरी बिनसले होते. एक पट्टी काढायची म्हणजे चहा निवून जाईपर्यंत थांबावे लागे. पडद्यावरचे वर्तुळ फिरत राही, मुनीमजी माऊसवर हात ठेवून स्तब्ध बसत, आणि समोरचा शेतकरी पुन्हा पुन्हा घड्याळ पाही. पेढीचा कारभार आता धाकट्या शेठजींकडे होता. ते मनाने कठोर नव्हते. परंतु रोज वाढणारी कुरकुर त्यांना ऐकावी लागत होती. अखेर एका रात्री त्यांनी घरात सांगून टाकले, की मार्चअखेरचे हिशेब पार पडले की मुनीमजींना सन्मानाने विश्रांती द्यावी आणि त्यांच्या जागी एखादा तरुण मुलगा बसवावा. नवा संगणकही घ्यावा लागेलच.

आजींना ते रुचले नाही, पण त्या बोलल्या नाहीत. बोलली ती अमरावतीहून परीक्षा संपवून काकांकडे आलेली पुतणी. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात संगणकशास्त्र शिकत होती. तिने विचारले, “काका, उशीर मुनीमकाकांमुळे होतो की मशीनमुळे, हे कोणी मोजून पाहिलंय का?”

कोणीच मोजले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून मुनीमजींच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. तासाभरातच तिच्या लक्षात आले, की मुनीमजींची बोटे मुळीच मंद नाहीत. आकडे ते पडद्याकडे न पाहताच टाकीत. वेळ जात होता तो त्यानंतर. हिशेबाच्या खिडकीतून ब्राउझरच्या खिडकीत गेले की थांबणे, परत आले की पुन्हा थांबणे, छपाईची आज्ञा दिली की आणखी थांबणे. दर पट्टीमागे मुनीमजींचे काम थोडे होते आणि त्यांचे थांबणे फार होते.

तिने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला. संगणकाच्या आत त्या क्षणी काय चालले आहे, हे दाखवणारी ही खिडकी विंडोजमध्ये पहिल्यापासून असते. पेढीवर ती कोणी उघडलेली नव्हती. तीत तीन आकडे पाहण्यासारखे होते. प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा भाग, जेमतेम दहा-पंधरा टक्के कामात होता. मेमरी, म्हणजे रॅम, जवळजवळ पूर्ण भरली होती. आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर अडकून राहिली होती. जो भाग विचार करतो तो रिकामा बसला होता आणि जो भाग साठवण करतो तो धापा टाकत होता. रोग कुठे आहे, हे त्या तीन आकड्यांनी सांगितले.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तिने ते मुनीमजींना त्यांच्याच भाषेत समजावले. जुन्या पेढीवर गादी होती आणि माडीवर वह्यांचे कपाट होते. गादीवर जेवढ्या वह्या उघड्या मांडता येत, तेवढ्या हाताशी असत, बाकीच्या कपाटात. संगणकातही तसेच आहे. रॅम म्हणजे गादी आणि हार्ड डिस्क म्हणजे माडीवरचे कपाट. प्रोसेसर हा हिशेब करणारा मुनीम. तो कपाटातल्या वहीत थेट लिहीत नाही. वही आधी गादीवर यावी लागते. आता गादी लहान असली आणि एकाच वेळी सात-आठ वह्या लागत असल्या, तर प्रत्येक वेळी एक वही वर पाठवून दुसरी खाली आणावी लागणार. मुनीम कितीही चपळ असला तरी जिन्यावरच्या माणसाची वाट पाहत बसणार.

मुनीमजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे गादी लहान हाये अन् वह्या जास्त, असंच ना माय?” ती हो म्हणाली. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हलक्या आवाजात म्हटले, “मले वाटत होतं, माहेच हात थकले.”

धाकटे शेठजी तेव्हा दारात उभे होते. त्यांनी ते ऐकले.

गादी आणि कपाट यांच्या वेगातील अंतर किती मोठे असते, याची कल्पना सहसा कोणाला नसते. रॅममधील एखादी नोंद प्रोसेसरला साधारण शंभर नॅनोसेकंदांत मिळते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर मात्र आधी वाचणारा काटा योग्य जागी सरकावा लागतो, मग तबकडी फिरून ती नोंद काट्याखाली यावी लागते. यात सुमारे दहा मिलिसेकंद जातात. म्हणजे फरक जवळपास एक लाखपटीचा. गादीवरची वही उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर याच प्रमाणात कपाटातील वही आणायला एक लाख सेकंद, म्हणजे एका अहोरात्रीहून अधिक काळ लागेल. रॅम भरून गेली की संगणक अचानक गोगलगाय का होतो, त्याचे उत्तर या एका प्रमाणात आहे.

वह्या खाली-वर नेण्याची ही व्यवस्था मुळात सोयीसाठीच निर्माण झाली. एके काळी वऱ्हाडचा कापूस ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात असे, त्याच शहरातील विद्यापीठात १९६२ साली ॲटलस नावाचा संगणक सुरू झाला. त्याची मुख्य स्मृती सुमारे १६ हजार शब्दांची होती आणि जोडीला तिच्या सहापट साठवण असलेला फिरता ड्रम होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती आहे असे भासावे, आणि माहितीची पाने यंत्राने आपणहून खाली-वर न्यावीत, अशी योजना तेथे केली गेली. आज प्रत्येक संगणकात हीच योजना चालते. तिला आभासी स्मृती म्हणतात. तिच्यामुळे रॅम अपुरी असली तरी काम बंद पडत नाही.

मात्र तिला मर्यादा आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली दाखवून दिले, की प्रत्येक प्रोग्रॅमला कोणत्याही घटकेला काही ठराविक पाने हाताशी लागतातच. चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमांच्या अशा पानांची बेरीज स्मृतीत मावत असेल, तोवर सारे सुरळीत असते. ती बेरीज थोडीशीही ओलांडली, की यंत्र काम सोडून पानांची ने-आण करण्यातच गुंतते. ताक घुसळत राहावे आणि लोणी मात्र वर येऊ नये, तशी ती अवस्था. म्हणूनच संगणकाची गती रॅम कमी पडल्यावर हळूहळू उतरत नाही. एका टप्प्यानंतर ती कोसळते.

पेढीवर नेमके तेच घडले होते. तो संगणक २०१४ साली घेतला तेव्हा त्यात चार जीबी रॅम होती आणि त्यावर एकच काम होते, हिशेब. तेवढ्यासाठी ती भरपूर होती. पुढे त्यावर विंडोज १० आली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी सुरू झाला आणि विवरणपत्रांसाठी ब्राउझर दिवसभर उघडा राहू लागला. पुढच्या वर्षी ई-वे बिल आले. बँकेचे व्यवहार पडद्यावर आले. व्यापाऱ्यांचे भाव व्हॉट्सॲपवर येऊ लागले आणि तेही संगणकावरच उघडले जाऊ लागले. ब्राउझरमधील प्रत्येक उघडे पान, प्रत्येक खिडकी गादीवर आपापली जागा अडवीत होती. संगणक तोच होता, मुनीमजीही तेच होते. वाढले होते ते गादीवर मांडायचे सामान. ते एकेक करून आले, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

रॅम वाढवण्यापूर्वी पुतणीने चार गोष्टी पाहून घेतल्या. पहिली, बोर्डावर रिकामी खाच आहे का. टास्क मॅनेजरमध्येच दोनपैकी एक वापरात असल्याचे दिसले. दुसरी, जात कोणती. त्या काळातील तो संगणक डीडीआर-३ जातीचा होता, आणि नव्या डीडीआर-४ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही, कारण तिचा काप वेगळ्या जागी असतो. लॅपटॉपची आखूड पट्टी मोठ्या संगणकाला चालत नाही, हेही त्यातच आले. तिसरी, विंडोज ३२ बिटांची की ६४ बिटांची. साध्या ३२ बिटांच्या विंडोजला चार जीबीच्या पलीकडची स्मृती वापरताच येत नाही, त्यामुळे तेथे आणखी पट्टी घालणे म्हणजे पैसे पाण्यात. येथे ती ६४ बिटांची होती. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, रॅम खरोखर कमी पडते आहे का. ते तिने दिवसभर आकडे पाहून पक्के केले होते.

दुसऱ्या दिवशी बाजारातून चार जीबीची एक पट्टी आणली. नव्या संगणकाच्या किमतीच्या मानाने तो खर्च अगदीच किरकोळ होता. तिने संगणक बंद केला, वीजतार काढली, अंगातील स्थिर वीज निघून जावी म्हणून पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावला, आणि पट्टी खाचेत सरळ दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् असा आवाज करून बसल्या. पाच-सात मिनिटांचे काम.

त्या दुपारी रांग पायरीच्या खाली उतरली नाही. खिडकी बदलताना वर्तुळ फिरणे थांबले होते. टास्क मॅनेजरमध्ये रॅम आठपैकी पाच जीबीच्या आसपास स्थिरावली होती आणि डिस्क बहुतेक वेळ शांत होती. पट्टी हाती पडताच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, “आज लवकर कशी निघाली?” मुनीमजी म्हणाले, “गादी वाढवली.” त्याला ते कळले नाही, पण तो समाधानाने गेला.

पुतणीने काकांना दोन गोष्टी स्पष्ट सांगून ठेवल्या. पहिली अशी, की रॅम वाढल्याने प्रोसेसरचा वेग वाढलेला नाही. बेरीज करायला पूर्वी जेवढा वेळ लागे, तेवढाच आताही लागतो. सकाळी संगणक सुरू व्हायला लागणारा वेळही बहुतेक तेवढाच राहिला आहे, कारण ते काम डिस्कवरून वाचण्याचे आहे. गेले आहे ते फक्त थांबणे. दुसरी अशी, की आठची सोळा जीबी केली म्हणून पुन्हा एवढाच फरक पडेल असे नाही. चाराची आठ करताना उणीव भरून निघाली. उणीव संपल्यावर जी भर पडते तिचा उपयोग थोडा. मोकळी रॅम अगदी वाया जात नाही. नुकत्याच वाचलेल्या फायली विंडोज तीत ठेवते आणि तीच फाईल दुसऱ्यांदा लवकर उघडते. पण रांगेतल्या माणसाला जाणवेल असा फरक त्यातून पडत नाही.

मुनीमजींनी तिसरी गोष्ट सांगितली. रॅम म्हणजे गादी, हे त्यांना पटले होते. पण ही गादी वीज गेली की क्षणात कोरी होते, हे ते अनुभवाने जाणून होते. भारनियमनाच्या दिवसांत अर्धी भरलेली नोंद कितीदा नाहीशी झाली होती! तेव्हापासून ते प्रत्येक पट्टीचा सारांश एका कच्च्या वहीत पेन्सिलने टिपून ठेवीत. कामाच्या या उजळणीमुळे उशीर होतो, असेही धाकट्या शेठजींना वाटे. पुतणीने ती वही चाळली आणि म्हणाली, “हे बंद करू नका, मुनीमकाका. रॅम कितीही मोठी केली तरी तिला आठवण नसते. लाइट गेली की ती सगळं विसरते.” तिने एवढेच केले, की संगणकाला यूपीएस जोडायला लावला आणि हिशेबाची प्रत रोज संध्याकाळी वेगळ्या ठिकाणी ठेवण्याची सवय लावली.

ही हकिकत रात्री फोनवरून अमरावतीला पोहोचली. तेथे मुलीच्या वडिलांचे कापडाचे ठोक दुकान होते आणि त्यांचाही संगणक मंद झाला होता. अकोल्यात एवढ्याशा पट्टीने काम झाले हे ऐकून त्यांनी लेकीच्या परतण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी कारागीर बोलावून आठ जीबीची सोळा करून घेतली. लेक आठवड्याने घरी परतली, तेव्हा त्यांनी जरा रागानेच सांगितले, की पैसे गेले आणि फरक काडीचा पडला नाही.

तिने येथेही तीच खिडकी उघडली. डिस्क अकोल्यासारखीच शंभर टक्क्यांवर होती. पण सोळा जीबींपैकी चारच जीबी वापरात होती. म्हणजे पूर्वीच्या आठ जीबीतही निम्मी जागा मोकळीच होती. येथे गादी कधीच अपुरी नव्हती. डिस्क थकली होती ती वह्यांच्या ने-आणीने नव्हे. ती स्वतःच जुनी होती, आणि हजारो कापडांची छायाचित्रे व नोंदी तिच्यावरून सतत वाचल्या जात होत्या. लक्षण एकच, रोग दोन. अकोल्याचे औषध अमरावतीला लागू पडले नाही, यात औषधाचा दोष नव्हता. नाडी न पाहता ते दिले गेले होते.

वडिलांना समजावण्यासाठी तिने दूरचा दाखला घेतला नाही. अमरावती-अकोला महामार्गाचे काम साऱ्या वऱ्हाडाने पाहिले होते. जून २०२२ मध्ये या मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा, एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रस्ता रुंद आणि गुळगुळीत झाला की प्रवास लवकर होतो, हे खरेच. पण गाडी जर रस्त्यावर अडत नसून गोदामाच्या दारात माल चढवण्यासाठी अडत असेल, तर रस्ता कितीही रुंद करा, माल त्याच वेळेला पोहोचणार.

याच वाटेवर मूर्तिजापूर लागते. तेथे जुन्या माणसांच्या आठवणीतली शकुंतला येत असे. यवतमाळहून ११३ किलोमीटरच्या अरुंद रुळांवरून कापूस मूर्तिजापूरला यायचा आणि तेथे रुंद रुळांच्या गाडीत चढून मुंबईकडे जायचा. मुंबईची गाडी कितीही वेगवान असो, अरुंद रुळांवरून कापूस येईल तेव्हाच ती भरणार. अमरावतीच्या दुकानात प्रोसेसर आणि रॅम रुंद रुळांवर होते. हार्ड डिस्क मात्र शकुंतलेच्या चालीने येत होती.

उपाय वेगळा होता. फिरती तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. तीत फिरणारे काही नसते. त्यामुळे नोंद मिळायला लागणारा वेळ मिलिसेकंदांवरून साधारण एक दशांश मिलिसेकंदावर येतो. रॅमच्या तुलनेत तीही हजारपट मंदच, पण जुन्या डिस्कपेक्षा शंभरपट चपळ. दुकानाचा संगणक आता सकाळी दुकानाचे शटर पुरते वर जाईपर्यंत सुरू होऊ लागला. वडिलांनी तेव्हा विचारले, “मग ती वाढवलेली रॅम काढून परत करावी का?” लेक हसली. ती तशीच राहू द्या म्हणाली. पुढे कधी वह्या वाढल्या तर उपयोगी पडेल.

मोठमोठ्या यंत्रांनाही हा नियम चुकलेला नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ते घडवले होते. एकच प्रचंड प्रोसेसर घडवण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडण्याचा मार्ग तेथे स्वीकारला गेला. प्रत्येकाची स्मृती त्याच्याजवळ, आणि एकाला दुसऱ्याकडील माहिती हवी असली तर निरोप पाठवायचा. असे यंत्र चालवणाऱ्यांचा मोठा प्रश्न असतो तो हाच, की कोणत्याही प्रोसेसरला माहितीची वाट पाहत रिकामे बसावे लागू नये. पेढीवरचा चार जीबींचा संगणक आणि महासंगणक यांच्यात आकाशपाताळाचे अंतर. पण खोळंबा दोघांचा सारखाच.

३१ मार्चचे हिशेब त्या वर्षी पेढीवर वेळेत बंद झाले. मुनीमजींच्या विश्रांतीचा विषय पुन्हा निघाला नाही. मध्यंतरी घेतलेला निर्णय त्यांच्या कानावर गेला होता की नाही, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही कधी दर्शवले नाही. तरुण मुलगा मात्र एप्रिलपासून पेढीवर आला. फरक एवढाच, की तो मुनीमजींच्या जागी न बसता त्यांच्या शेजारी बसू लागला. कळफलक तो चालवतो. कोणत्या गावच्या कोणत्या माणसाला दोन दिवस उधार द्यायचे आणि कोणाचे आधी चुकते करायचे, हे मुनीमजी सांगतात. ती माहिती कोणत्याही डिस्कवर नाही.

दिवाळीच्या वहीपूजनाला पाटावर लाल वही मांडली गेली आणि तिच्या शेजारी संगणकालाही कुंकवाचे बोट लागले. धाकट्या शेठजींनी वही मुनीमजींच्याच हाती देऊन पहिली ओळ लिहायला सांगितली. लिहून झाल्यावर त्यांनी वाकून नमस्कार केला. मुनीमजींना तो रिवाजाचा भाग वाटला असेल. आजींना मात्र त्यामागचे कारण ठाऊक होते.

आता पेढीवर कधी काम अडले, तर नवा मुलगा संगणकाला दोष देऊ लागतो आणि हमाल मुलाला. मुनीमजी दोघांनाही थांबवतात. चष्मा सारखा करून ते त्या तीन कळा एकत्र दाबतात आणि म्हणतात, “आधी गादी पाह्य. मंग बोल.”